वळलेलं वादळ

बोंबलांचा वास आला की मला आईची झाकलेली टोपली आठवते. मे सरत आला होता. वादळ ओमानकडे वळलं, असं रेडिओवर सांगितलं, तशा डहाणूच्या बायकांनी जबड्यात जबडा अडकवून बोंबील दोरीवर वाळत टाकले. आई मात्र टोपली झाकून हटून बसली.

"उंचावरचे ढग अजून पूर्वेलाच पळतायत," ती म्हणाली. "पावसाळी वारा वर आभाळात बसला की ढग पश्चिमेला जातात, वादळालाही तो वारा तिकडेच नेतो. तोवर वादळ परत आपल्याकडे फिरणार नाही, याचा काय भरवसा?" तिने बाबांनाही होडी काढू दिली नाही.

वादळ आलंच नाही. आमचे बोंबील सडले. बाबांबरोबर मीही तिला हसले.

आज मोबाईलवर तीच बातमी आहे, वादळ वळलं. माझा मुलगा बोटीत बर्फ भरतोय. मी वर बघतेय. ढग पूर्वेलाच पळतायत.