फाट्यावरची फळी

झरी जामणीच्या रानाकडे वळणाऱ्या फाट्यावर नेमसिंगची चहाची टपरी आहे. एसटी तिथंच सोडते, पुढं गावापर्यंत पायपीट. म्हणून बाजार करून आलेली माणसं जड पिशवी नेमसिंगच्या फळीवर टाकायची आणि सवडीनं न्यायची. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर लोकांचा माल वाहणारे. गोणी कुणाची एवढंच विचारायचं. आत काय ते विचारायचं नाही आणि गाठीला तर हातही लावायचा नाही, हा त्या घराण्याचा तोरा. नेमसिंगनं तो टपरीत चालवला.

तोच अंगाशी आला. एक अनोळखी पोरगा बॅग ठेवून गेला तो फिरकलाच नाही. नेमसिंग ती पावसापाण्यातून जपत राहिला. पुढं पोलिसांनी टपरीची झडती घेतली, तर बॅगेत बंदी घातलेल्या संघटनेची पुस्तकं.

"का ठेवलीस?" साहेबानं विचारलं.

"लोकं ठेवते, मी राखतो. मले कुठं वाचता येते साहेब?"

"तुझ्याकडं सापडली म्हणजे तुझीच."

घ्या! अंगठा उठवणारा माणूस पुस्तकांपायी आत गेला. वकील कोर्टात घसा फोडून सांगत होता, पुस्तक जवळ असणं म्हणजे त्यातलं मनात असणं नव्हे. शेवटी सुटका झाली ती वाचता येत नाही म्हणून. नेमसिंगला तेही खुपलं. वाचता आलं असतं, तर तो गुन्हेगार ठरला असता काय? पण हे विचारायचं कुणाला? बायको कधीच वारली होती आणि तांड्यातले लोक त्याच्या दारावरून मान खाली घालून जात.

टपरी पुन्हा सुरू झाली. लोक चहा प्यायचे, पण उभ्या उभ्या, पिशवी खांद्यावरच ठेवून. रिकामी फळी तो रोज पुसायचा. कुणीतरी एक पिशवी टेकवावी, एवढीच त्याची आस. एसटी थांबली की तो उठून उभा राही आणि ती गेली की पुन्हा बसे. फार एकटं वाटायचं त्याला.

एका दुपारी इंदूबाई उतरली. नवी नवरी होती तेव्हापासून याच फळीवर पिशवी टाकणारी. तिनं पिशवी टेकवली आणि नेमसिंगचे डोळे भरून आले.

"राहू दे बाई इथं. ने मंग सवडीनं."

"थांब भाऊ, देखून घे एकदा. मांगून तुले कटकट नोको." तिनं आपल्या हातानं गाठ सोडली. लुगडं, गुळाची ढेप, नातवाची चप्पल.

तो नको म्हणणार होता. तोंडही उघडलं त्यानं. पण हात आधीच पिशवीत गेला होता. लुगड्याखाली, गुळाखाली, पार तळापर्यंत तो चाचपत होता.

इंदूबाई बघत राहिली. त्यानं हात काढल्यावर तिनं गाठ मारली.

"जाऊ दे भाऊ. एवढी काही जड नाही," ती म्हणाली, आणि पिशवी डोक्यावर घेऊन रानाच्या वाटेला लागली.