टायपिंगच्या परीक्षेला बसलेला टर्नर

माझा अर्ज काकांनी लिहिला, हे आधी सांगायला हवं. काका म्हणजे पाणीगेटजवळचे माझे घरमालक, नात्याचे नव्हेत. तेव्हा बडोद्याच्या आसपास नवनव्या कंपन्या निघत होत्या, म्हणून मी कोल्हापूरकडून आलो होतो. काकांनी मागची खोली महिन्यासाठी दिली होती. तेवढ्यात नोकरी लागली नाही तर गावी परत, असं भावाशी ठरलेलं. हातात लेथचं काम होतं, शाळा नववीत सुटलेली.

काकांचे वडील, आजोबा संस्थानच्या कचेरीत. अर्ज कसा असावा याबद्दल घरात मतं पक्की. दोन दुपारी बसून काकांनी इंग्रजीत तीन पानं लिहिली, रुंद समास सोडून. माझं शिक्षण आणि काम तिसऱ्या पानावर आलं.

"आधी मायना, मग कुळशील, मग बाकीचं," ते म्हणाले. "एकदम 'मी नववी नापास' म्हणून दारात उभं राहतात का?"

नापास नव्हतो, सोडली होती. पण माझ्यासाठी इतकं कोणी बसलं नव्हतं.

अर्ज केलेल्या कंपनीचा कारखाना शहराबाहेर बाजव्याकडे, बोलावणं मात्र अलकापुरीतल्या ऑफिसात. असेल पद्धत, म्हणून गेलो. सहा जणांना एका खोलीत बसवलं, प्रत्येकापुढे टाइपरायटर. बाकीच्यांनी कागद चढवले. कागद कुठून घालतात ते मी थोडा वेळ पाहिलं आणि हात वर केला.

मला केबिनमध्ये नेलं. आत एक मराठी बाई होत्या, पुढे माझा अर्ज.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही मॅडम, घरमालकांनी."

"इथले जुने असणार. आमचे आजोबा दूधवाल्याला चिठ्ठीसुद्धा अशीच लिहायचे. म्हैस आटायची, मायना संपायचा नाही." त्यांनी तिसरं पान काढून वाचलं. "नववी. आणि आम्ही तुम्हाला क्लार्कच्या यादीत घातलं. पहिल्या पानावरच थांबलो ना."

मी उठलो.

"बसा हो. येतं काय तुम्हाला?"

"लेथ चालवतो. आटे पाडतो. चार वर्षं केलंय."

त्यांनी फोन फिरवला आणि गुजरातीत कोणाशी तरी बोलल्या. त्या मला हसल्या नाहीत, हे अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी बाजव्याला फोरमनने एक सळई दिली, ड्रॉइंग दिलं आणि मशीन दाखवलं. पहिला कट मी मुद्दाम कमी घेतला. दोन तास लागले, दुसऱ्या कोणाला एक पुरला असता. फोरमनने आट्यांवर नट फिरवून पाहिला. तो शेवटपर्यंत गेला. तुकडा खिशात टाकून तो दुसऱ्या मशीनकडे वळला. मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

"साहेब, माझं काय?"

"सोमवार से आवजो," तो मान वर न करता म्हणाला. "टिफिन लेके. कँटीन की दाल में दाल ढूँढनी पड़ती है."

डबा माझ्याकडे नव्हता. तो वाटेत घेतला.