अण्णांचा पडलेला वॉर्ड

सात रस्त्याजवळच्या आमच्या पक्षाच्या ऑफिसात दुपारी कुणी फिरकत नाही. पंखा संथ फिरतो, खालच्या रिक्षांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. अशा पेंगुळल्या वेळी किस्से आठवून आठवून साचत जातात. मी पक्षाच्या बातम्या लिहून पेपरांना पाठवतो. अण्णा आमचे वॉर्डातले उमेदवार. वर्षानुवर्षं निवडून आलेले. यंदा पडले. हे त्यांचेच किस्से.

०००

विणकरांच्या वस्तीत अण्णांची सभा होती. विषय नेहमीचाच, आपली संस्कृती. "पहाटे उठावं, आंघोळ करून देवपूजा करावी," अण्णा तल्लीन होऊन सांगत होते. बायकाही शांत ऐकत होत्या. पुढं बसलेली नरसम्मा हळूच म्हणाली, "करतो की अण्णा. पण आंघोळीला पाणी कधी सोडता?"

अण्णांनी त्या दिवशी भाषण लवकर संपवलं.

०००

मग होटगीला गेलो. तिथं पाहुण्यांकडं दुपारचं जेवण होतं. जेवता जेवता अण्णा पाहुण्यांच्या मुलीला मायेनं म्हणाले, "पोरीच्या जातीनं दिवेलागणीला घरात असावं बाळ."

ती रेल्वेत पॉइंट्समन, रूळ बदलून गाड्यांना वाट करून देणारी. अण्णांना भाकरी वाढत ती म्हणाली, "काका, माझी ड्युटीच दिवेलागणीला सुरू होते. गाड्या थांबवून ठेवू का?"

निघेपर्यंत दिवेलागण झाली. होटगी स्टेशनाचे सिग्नल मागं लुकलुकत राहिले. गाडीत अण्णा म्हणाले, "पोरगी गुणाची हाय. पण मी काय चुकीचं बोललो?"



०००

निकालाच्या दिवशी विरोधकांची मिरवणूक ऑफिसखालून निघाली. उन्हात गुलाल तरंगत वर खिडकीपर्यंत आला. आणि मिरवणूक नेमकी खाली थांबली. अण्णा खिडकीत गेले. पुढं हलगी वाजवत होता आमचाच तुकाराम. अण्णांच्या प्रत्येक विजयाला त्यानंच वाजवलेली.

तो ओशाळून वर बघत म्हणाला, "हितं थांबायची सवय हाय अण्णा. पाय आपोआप थांबलं."

"मग वाजव की," अण्णा म्हणाले.

त्यानं वाजवली. अण्णा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

०००

हा शेवटचा मला अण्णांनीच सांगितला.

निकालानंतर ते घरी गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. अण्णा शेजारी बसले. लिंबाची सावली अंगणात हलत होती. मग अण्णांनी विचारलं, "सगळ्यांचं राहू दे. तू तरी मत आपल्यालाच दिलंस न्हवं?"

वहिनींनी हातातली शेंग सोलून दाणे अण्णांच्या तळव्यावर ठेवले.

"इतक्या वर्षांत," त्या म्हणाल्या, "तुमी मला हे पयल्यांदाच इचारलं."