पालथा कागद

तुमच्या गोठ्यातल्या म्हशीचा भाव कोण ठरवतं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे का? मीही विचारलं नव्हतं. आणि आठवड्यातून दोन-तीनदा एक माणूस ते उत्तर हातात घेऊन माझ्याच दुकानात यायचा आणि काउंटरवर पालथं ठेवायचा.

जुन्या जालन्यात आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याआधी तिथे वडिलांचा छापखाना होता. वडिलांनी जन्मभर मोर्च्यांची आणि संपांची पत्रकं छापली. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे कुणी कागद झाकला की माझं डोकं फिरतं. तो माणूस, म्हणजे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक असलेले काका, प्रत्येक कागद झाकायचे. पालथा ठेवायचे, वर पंजा दाबायचे आणि पालथाच उचलून काचेवर सरकवायचे. एकदा मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? ते म्हणाले, "आपल्याला काय करायचंय, बेटा? प्रत काढ."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नळाला आठ दिवस पाणी नाही, आपल्याला काय करायचंय. शेजाऱ्याने गल्लीत भिंत घातली, आपल्याला काय करायचंय. मी त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायचे आणि गिऱ्हाइकं हसायची.

काका नवीन जालन्यात, स्टेशनजवळच्या एका पेढीत कारकून होते. ही पेढी बाजारातून म्हशी विकत घेऊन निर्यातीच्या कत्तलखान्याला पुरवायची. गाय-बैल कापायला आपल्या राज्यात बंदी आहे. परदेशात जातं ते म्हशीचं मांस. काकांच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नाही. आपला नवरा बियाण्यांच्या कंपनीत आहे अशी काकूंची समजूत होती आणि काकांनी ती कधी मोडली नाही. मांस हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता. ते 'माल' म्हणायचे.

आमच्या पायरीवर हसनाबादहून खवा घेऊन एक मावशी येते. तिचे सासरे मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. तिच्याकडे म्हशी आहेत आणि थोडी कोरडवाहू जमीन. काका दर खेपेला तिच्याकडून पावशेर खवा घ्यायचे. आधी बोटभर चाखायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "बिलकुल बराबर." मावशी त्यांना साहेब म्हणायची. आटलेल्या म्हशी शेवटी कुठे जातात हे दोघांनाही ठाऊक होतं. बोलणं मात्र खव्याचंच व्हायचं.

एका दुपारी काका असाच खवा चाखत होते. मावशी म्हणाली, "उद्या दोन म्हशी बाजारात नेऊन राह्यले, साहेब. भाकड झाल्यात. पोरीला नर्सिंगला घालायचंय."

काकांचं बोट तोंडापर्यंत गेलंच नाही. तो खवा त्यांनी पुन्हा कागदात पुसला, दुकानात आले आणि हातातला कागद काउंटरवर ठेवला. सुलटा.

"वाच," म्हणाले.

कागद इंग्रजीत होता. अर्थ त्यांनीच समजावला. बाहेरचा एक देश आपलं मांस घेतो, पण मोजून. ठरलेल्या टनांपर्यंत जकात थोडी, त्याच्यापुढे एवढी जबर की माल पाठवणं परवडत नाही. या ठरलेल्या टनांना कोटा म्हणतात. दोन सरकारं बोलणी करतात, आम्ही तुमचं ते घेतो, तुम्ही आमचं हे घ्या, आणि कोटा वरखाली होतो. या वेळी तो चांगलाच वाढला होता. म्हणजे म्हशींना मागणी वाढणार, भाव चढणार. मालकांनी सकाळीच खरेदीदारांना सांगितलं होतं, उद्याच्या बाजारात सापडेल तो माल जुन्या भावाने उचला, कुणाला कळायच्या आत.

माझा संताप संताप झाला. मी म्हणाले, ही तर गुप्त माहिती दाबून ठेवणं झालं. काका म्हणाले, "गुप्त कसली? जाहीर सूचना आहे."

जाहीर! इंग्रजीत, सरकारी संकेतस्थळाच्या कुठल्या तरी पोटात, गुरांच्या बाजारापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब. गुपित राखायलासुद्धा कुणाला तरी कष्ट पडतात. यात तेवढेही नव्हते.

काकांनी तिथेच बसून मराठीत एक पान लिहिलं. मी शंभर प्रती काढल्या. दुसऱ्या दिवशी नोकरीत पहिल्यांदाच न सांगता दांडी मारून ते माझ्या स्कूटीवर मागे बसले, पिशवी पोटाशी धरून.

बाजारात सौदे सुरू झाले होते. दलाल आणि विकणारा रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव बोलत होते. शेजारच्याला काय ठरलं ते कळत नाही, अशी ती जुनी रीत. काका मधोमध उभे राहिले आणि वाचू लागले, "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की आयातशुल्क-कोट्याच्या फेररचनेच्या अनुषंगाने..." दोन-चार माणसं थांबली आणि पुढे गेली. एका म्हशीने शेपटी झाडली.

मावशी दावं धरून उभी होती. म्हणाली, "साहेब, मराठीत सांगा ना."

"मराठीतच आहे."

"मंग माणसाच्या मराठीत सांगा."

काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. घसा खाकरला. आणि मोठ्याने म्हणाले, "आज म्हशी विकू नका. परदेशात आपल्या म्हशीच्या मांसाला दार मोठं केलंय. भाव चढणार आहे. आठ दिवस थांबा." मांस म्हणताना त्यांचा आवाज फुटला, पण शब्द पूर्ण झाला.

रुमाल निघू लागले. त्यांच्याच पेढीचा खरेदीदार तरातरा आला. तिशीचा गडी, रोज यांच्या डब्यातलं लोणचं खाणारा. म्हणाला, "काका, तुम्हाला काय करायचंय?"

काकांनी मावशीकडे बोट केलं. "खवा खातो मी यांचा."

मावशी दोन्ही म्हशी घेऊन परत गेली. बरेच जण गेले. पुढच्या बाजारात भाव चढला आणि मावशीची पोर नर्सिंगला लागली. पेढीने काकांना काढलं नाही, त्यांचं वय झालं आहे असं त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. त्या राजीनाम्याची प्रत काढायला ते माझ्याकडे आले तेव्हा तो कागद त्यांनी सुलटाच ठेवला होता. पेढी कशाची होती हे काकूंनाही त्याच आठवड्यात कळलं. वर्षभराने दोघं नांदेडला लेकीकडे गेले. त्यांना निरोप द्यायला बाजारातलं कुणीही आलं नाही. ज्यांना चढा भाव मिळाला त्यांच्यातलं एकही माणूस नाही. हे मी विसरणार नाही.

आणि माझंही ऐका. गेल्या महिन्यात तो कोटा पुन्हा बदलला. त्या देशाला दुसरा पुरवठादार जवळचा वाटला, आपला वाटा कापला गेला. पेढीला आधी कळलं. तिचे खरेदीदार बाजारात फिरकलेच नाहीत. भाव चढेल म्हणून मावशीने या वेळी तीन भाकड म्हशी राखल्या होत्या, विकतचा चारा घालून. ती पायरीवर बसून मला एवढंच म्हणाली, "पोरी, या बारीला साहेबाचा कागद का न्हाई आला?"

सूचना जाहीर होती. संकेतस्थळ मला माहीत होतं. मशीन माझ्यापुढे होतं. पत्रकांवर वाढलेली मी, आपल्याला काय करायचंय असं तोंडाने न म्हणता तेच करत बसले होते.

मावशी अजूनही पावशेर खवा बाजूला काढून ठेवते. जाताना तो परत टोपलीत घालते.

तुमच्यातलं कुणी तरी अशा पेढीत असेल, कुणी बाजार समितीत, कुणी बँकेत. भाव हलवणारा कागद तुमच्या टेबलावर येतो तेव्हा तो घेऊन जुन्या जालन्यात या. पायरीवर खवेवाली मावशी दिसेल, तेच माझं दुकान. माणसाच्या मराठीत लिहायला मी बसते, प्रतींचे पैसे घेणार नाही. फक्त काउंटरवर कागद सुलटा ठेवा.