पहाटे बायाच गेल्या होत्या

सेनगावहून गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये मी एक किस्सा चांगलाच रंगात आणला होता. दाटीवाटीनं बसलेली माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. तेवढ्यात भाचीचा, रूथचा फोन आला. "मामा... आई गेली." मी फोन खिशात ठेवला. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "मंग पुढं काय झालं, सर?" मला पुढचं काहीच आठवेना. तो किस्सा अजून तिथंच अर्धा पडून आहे.

गेली ती माझी थोरली बहीण, मार्थाअक्का. गावची अंगणवाडीताई. गोरेगावच्या पलीकडं आमचं गाव, त्यात ख्रिस्ती घरं मोजकीच, पत्र्याचं छोटंसं देऊळ, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. अक्काचा आवाज मात्र मोठ्या शहरातल्या चर्चला पुरून उरेल एवढा. अंगणवाडीतली लेकरं आणि आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, दोघांना ती एकाच बोटानं खाली बसवायची. एका वर्षी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत आधी पुरुष जातील, स्त्रिया मागून येतील. अक्का उठलीच. "पाळकसाहेब, त्या पहिल्या पहाटे येशूच्या कबरीवर कोण गेलं व्हतं? बायाच ना? अन् गडी, त्याचे शिष्य, कुठं व्हते? दार लावून बसले व्हते!" पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. शास्त्रात तसंच होतं.

तेव्हापासून आमच्याकडची रीत अशी. पहाटे बाया मेणबत्त्या घेऊन कबरींवर जातात. पुरुष शिष्य होऊन देवळात दार लावून चहा करतात. मग बाया धावत येतात, दार ठोठावतात, "तो उठलाय! कबर मोकळी आहे!" म्हणून ओरडतात. आणि शिष्यांपैकी एकानं म्हणायचं, "काहीतरीच काय, मला नाही पटत." त्यावर बाया म्हणतात, "मग चला, बघा!" आणि सगळी मंडळी गाणी म्हणत दफनभूमीकडं निघते.

न पटणारा शिष्य अर्थातच मी. दुसरं कोण होणार? एका वर्षी मी जांभई देत, घोंगडी पांघरून दार उघडलं. एका वर्षी म्हणालो, "बायांनो, उन्हानं डोकं फिरलं का?" अक्का कडाडली, "पहाटेचं ऊन कुठून आणलंस रे याक्या? शिष्य व्हयस तू, तमाशातला सोंगाड्या न्हाईस!" पण हसू तिलाच आवरेना. पदर तोंडाला लावून ती पायरीवर बसली.

यंदा ईस्टरच्या थोडंच आधी ती गेली. शमुवेलदाजी, म्हणजे तिचे मालक, मातीला आले तेवढेच. त्यानंतर ना दफनभूमी, ना देऊळ. हळदीच्या शेतात एकटेच बसून राहायचे. पाळकसाहेब समजवायला गेले, तिच्या पुनरुत्थानाची, शेवटच्या दिवशी ती मरणातून उठेल ही आशा सांगू लागले. दाजी म्हणाले, "उठंल म्हणता. बराबर हाय. पण केव्हा? आज घरात गेलो तर मला हाक कोण मारंल?" पाळकसाहेब चांगला माणूस. ऊन उतरेपर्यंत ते तिथंच शेजारी बसले.

मला भीती वाटत होती ती दाजींसाठीच. अक्का आपल्या प्रभूकडं गेली, तिची काळजी मला नव्हती. हा माणूस मात्र जिवंतपणीच मातीआड चालला होता. ईस्टरला मी त्यांना देवळात आणलं ते थाप मारून. "चहाला माणूस कमी पडून राहिला, दाजी. प्रार्थना करू नका, नुसतं गाळा." ते आले. स्टोव्हजवळ भिंतीला टेकून बसले.

दार वाजलं. बाया आत आल्या, पुढं रूथ. धाप लागलेली, गालावर ओघळ. "तो उठलाय! कबर मोकळी आहे!" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं... आणि नजर चहाच्या पातेल्याकडं वळवली.

मागून आवाज आला. "खोटं हाय. मला न्हाई पटत."

दाजी बोलले होते. ते सोंग नव्हतं, हे लेकरांनाही कळलं. मग रूथनं कमरेवर हात ठेवले, अगदी आईसारखे. "पटत न्हाई? मग चला, बाबा. बघा."

मला त्या क्षणी लख्ख दिसलं. त्या पहिल्या पहाटेही येशूच्या जिवाभावाच्या माणसांना पटलं नव्हतंच. पण म्हणून त्यानं कुणाला हाकललं नाही. तो त्यांच्याकडं आला. वर्षानुवर्षं मी ज्या वाक्यावर हशा घेतला, ते आज दाजींना मनापासून म्हणता आलं, आणि तसं म्हणूनसुद्धा ते आमच्यातच राहिले. दाजींनी गाळणी खाली ठेवली. उठले. त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून सगळी मंडळी त्यांच्या चालीनं हळूहळू चालली. गाणंसुद्धा संथ म्हटलं.

अक्काची माती अजून ओबडधोबडच होती, वर झेंडू आणि उकाड्यानं वाकलेल्या मेणबत्त्या. दाजी कबरीच्या पायथ्याशी मातीतच बसले. झाडांमागून सूर्य वर आला आणि त्यांची सावली कबरीवर लांबच्या लांब पडली. ती बघत त्यांनी विचारलं, "रूथ, हिचे पाय हिकडंच हायेत ना?"

"व्हय, बाबा. उगवतीकडं."

आमच्यात माणसाला असंच ठेवतात. शेवटच्या दिवशी उठून उभं राहिलं की तोंड थेट उगवत्या सूर्याकडं यावं म्हणून.

दाजींनी माझ्या खांद्याला धरलं, कण्हत उठले आणि बाजूला सरकून बसू लागले.

"तिकडं काहून चाललात?" मी विचारलं.

"उठंल तेव्हा तिच्या वाटेत नको," ते म्हणाले. "न्हाई तर म्हणंल, हितंबी आडवे आलात."