ताबा कोणी घ्यायचा

आमच्या घरात दोन खोल्या, दोन लॅपटॉप आणि मधल्या भिंतीपलीकडे माझी बायको. एकच कंपनी, एकच काम. मी फर्मवेअर लिहितो, म्हणजे मशीनला जागं करणारा प्रोग्राम; ती कर्नल, म्हणजे जागं झाल्यावर ते चालवणारा. लग्न जमवताना सासूबाईंना हे फार सोयीचं वाटलं होतं. फर्मवेअरवाले आणि कर्नलवाले एकमेकांना किती पाण्यात पाहतात, हे त्यांना कोण सांगणार.

काम सांगतो, अवघड नाही. मोठ्या मशीनच्या पोटात भाड्याने दुसरं मशीन चालवतात, त्याला गेस्ट म्हणतात. त्याला मेमरी देणारा मालक भरवशाचा असेलच असं नाही. म्हणून बिल्डरकडून फ्लॅट घेताना आपण खोली न खोली बघतो, तशी ती मेमरी तपासून ताब्यात घ्यावी लागते. आधी माझं फर्मवेअर जागं होतं, स्वतःपुरती मेमरी ताब्यात घेतं, सगळ्या तुकड्यांची यादी करून देतं आणि बाकीचा कारभार तिच्या कर्नलवर सोडतं. ज्या तुकड्याचा ताबा कोणीच घेतला नाही, त्यावर पाय पडला की गेस्ट जागीच आडवा. एकाच तुकड्याचा दोघांनी ताबा घेतला, तर आत ठेवलेलं सगळं पुसलं जातं.

त्या आठवड्यात आमचा गेस्ट एकाच तुकड्यापाशी सारखा आडवा होत होता. आणि रविवारी निफाडला मेहुण्याचा साखरपुडा. बायकोचा एकुलता एक भाऊ. आमच्या टीमच्या लीडने गोड आवाजात कळवलं, शनिवारपर्यंत गेस्ट उभा राहिला नाही तर रविवारी दोघांनीही लॉगिन करायचं.

"माझ्या भावाचा साखरपुडा बुडाला ना, तर बघ," बायको म्हणाली.

"मी काय केलं? तो तुकडा तू घ्यायचास."

"तू यादीत वापरायला मोकळा म्हणून लिहिलास. मला वाटणारच, तू घेतलाय."

"वाटतं कशाला, बघायचं."

इथे संवाद संपला. पुढचं सगळं ऑफिसच्या तिकिटावर, म्हणजे ऑनलाइन तक्रारवहीत, इंग्रजीत, आदराने. एरवी मला 'अरे ए' म्हणणारी बाई तिथे 'डिअर टीम' लिहीत होती. टीममध्ये मी एकटाच. मीही काही कमी नाही, 'आमच्या बाजूने सर्व ठीक आहे' असं उत्तर देऊन चहाचा कप तिच्या दारात आपटून ठेवायचो.

शनिवारी सकाळी गॅसवर दूध होतं. ते वर आल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. तिलाही आला. मग करपल्याचा वास आला आणि आम्ही दोघं एकदम स्वयंपाकघरात पोचलो. दूध ओट्यावरून खाली, फरशीवर, थेट फ्रीजखाली गेलं होतं.

"मला वाटलं तू बंद करशील," ती म्हणाली.

"मला वाटलं तू."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग दुधाकडे. ती लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली, मी फडकं फिरवून समोर बसलो. ठरलं असं की जे मी घेतलेलं नाही, ते 'घेतलेलं नाही' असं मी स्पष्ट लिहायचं आणि ते फक्त तिनेच घ्यायचं. जेवायच्या आत गेस्ट उभा राहिला. त्या मेल्या लीडने नुसता अंगठा पाठवला.

रविवारी निघालो. बोलणं अजून कामापुरतंच. सासूबाईंचा मला आधीच फोन आला होता, "जावईबापू, साखरेचा पुडा तुमच्याकडे हं." बायकोला विचारलं असतं, तर 'हेही मीच बघायचं का' हे ऐकावं लागलं असतं. म्हणून मी द्वारका चौकाजवळच्या दुकानातून चांदीच्या कागदाचा, मोर लावलेला पुडा आणून डिकीत ठेवला होता. नेमकी द्वारकेलाच गाडी अडकली.

"सगळं घेतलंस ना?" तिने खिडकीबाहेर बघत विचारलं.

"घेतलं. तू?"

"मीपण."

दोघांचंही समाधान झालं.

निफाडला मुलीकडच्यांच्या अंगणात मंडळी जमलेली. गुरुजी म्हणाले, पुडा द्या. मी उजवीकडून मोरवाला पुढे केला. त्याच क्षणी बायकोने डावीकडून मोती लावलेला पुढे केला, घरी स्वतः सजवलेला. मुलीचे मामा, द्राक्षवाले, दोन्ही पुडे आळीपाळीने न्याहाळून म्हणाले, "पाहुणं, आमच्याकडं पोरगी एकच हाय."

मंडपात हशा पिकला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सासूबाई मात्र शांत. "मीच दोघांना वेगवेगळं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "बोलत नाहीत ना एकमेकांशी. म्हटलं, एकाच्या तरी लक्षात राहील."

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. थांबेचना. मुलीच्या हातात पुडा देतानाही हसत होती आणि डोळे पुसत होती. तिला असं हसताना बघून मला इतकं बरं वाटलं, की मामांचाही राग येईना.

जेवायच्या पंगतीत ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"परतताना गाडीत तुला काय काय ऐकवायचं, ते आठवडाभर मनात भरून ठेवलं होतं," ती हळूच म्हणाली.

"मग?"

"पुसलं गेलं सगळं. आता काहीच आठवत नाहीये."