शेवंतीचा खांदा

चेंदणी कोळीवाड्यातली शेवंती मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ठाण्याच्या बाजारात निघाली, की तिचं हसणं चार घरं आधीच ऐकू यायचं. लहानपणापासून तिला आकडी यायची. येऊन गेली की तोंडावर पाणी मारून ती पुन्हा कामाला लागे.

१९५३ च्या सुरुवातीला एका सकाळी सुकट निवडताना तिला आकडी आली. सासूने, बायजाने, तिचं डोकं मांडीवर धरलं. शुद्धीवर आल्यावर पाहते तो उजवा हात छातीशी चिकटून बसलेला. पाटी धरता येईना, अंबाड्यात फूल खोचता येईना. वाडीतल्या दाजींनी शीर ताणली म्हणून आठ दिवस तेल चोळलं. उपयोग शून्य.

शेवटी नवरा गोपीनाथ तिला इस्पितळात घेऊन गेला. समोरून काढलेल्या एक्स-रे फोटोत हाड ठीक दिसत होतं. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात बाहेर वळवायला सांगितला, तर तो तसूभर हलेना.

"बाई, ती बसल्या जागीच होती. पडली नाय, आपटली नाय," गोपीनाथ म्हणाला.

"म्हणूनच मला शंका येतेय. आकडीत स्नायू इतके जोरात आवळतात, की हाड सांध्यातून मागे निसटतं."

बाजूने फोटो काढला. खांद्याचा गोळा खरंच मागे सरकला होता. भूल देऊन बाईंनी तो जागेवर आणला.

शुद्ध येताच शेवंतीने विचारलं, "बसला?"

"बसला."

"मग तुमी पण बसा ना, कवापासून उभ्या हाव!"

बाई खळखळून हसल्या. आकडीसाठी रोजच्या गोळ्या दिल्या, आणि तीन आठवडे हात गळ्यात बांधून ठेवायला सांगितलं.

हात सुटल्यावर व्यायाम सुरू झाला. भिंतीवर बोटं चढवत न्यायची. जिथे थांबतील तिथे बायजा कोळशाने रेघ ओढायची. शेजारणी रोज रेघ बघायला जमू लागल्या. रेघ दाराच्या चौकटीच्या उंचीला पोचली, त्या दिवशी बायजाने अख्ख्या आळीत नारळाच्या वड्या वाटल्या.

शिमग्याला शेवंती दोन्ही हात उंचावून नाचत होती. गोपीनाथ मागून ओरडला, "अगो, हलू हलू! खांदा संभाल!"

"डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितलाय!" ती म्हणाली, आणि त्यालाही ओढून नाचात घेतलं.